बाबांची पक्कड

परवा ड्रॉवरमध्ये बाबांची गंजलेली पक्कड सापडली आणि मानपाड्याच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. फायबरवाला येणार म्हणून आईने टीव्हीमागची जळमटं काढलेली, पोह्यांचा वास सुटलेला. घर नीटनेटकं दिसावं म्हणून बाबांनी दारावरून गेलेली जुनी केबल कापून टाकली. नवं कनेक्शन सुरू होतंय तोच शेजारच्या काकू धावत आल्या, "अहो, आमचा टीव्ही बंद पडला!" मागोमाग समोरच्या आल्या. ती वायर अख्ख्या मजल्याची होती! बाबांचा चेहरा उतरला, पण आईने हसत चटया अंथरल्या, "या, आज मालिका इथेच बघू." पोहे दोनदा टाकावे लागले. आता माझ्या नव्या घराच्या मजल्यावर सगळी दारं बंद असतात. पक्कड मी तेल घालून ठेवलीय, आणि पॅसेजमधल्या वायरींवर माझी नजर आहे.