लिहून घेतलेली सवलत

माझं घर वाईट विजेवर उभं राहिलं. हे मी अभिमानाने सांगत असे, आता जरा कमी सांगतो.

दिल्लीत आलो तेव्हा जवळ एक डिप्लोमा होता आणि झोपायला मामांच्या सरकारी क्वार्टरची बाल्कनी. यमुनेपलीकडच्या वसाहतींत तेव्हा दिवेलागणीला बल्ब पेटायचा तो विझत आलेल्या उदबत्तीसारखा. फ्रिजचे कॉम्प्रेसर जळायचे, लोक वीज खात्याच्या नावाने शिव्या द्यायचे, आणि मी स्कूटरला स्टॅबिलायझर बांधून त्यांच्या दारात उभा राहायचो. पुढे सरकारने बाजार खुला केला. दुकानांत परदेशी वॉशिंग मशीन आली, गाझियाबादकडे शेतांतून टॉवर उगवायला लागले. वीज मात्र होती तशीच. मी स्टॅबिलायझरवरून इन्व्हर्टरवर आलो, स्कूटरवरून गाडीवर आलो. तेव्हा एखादा मंत्री भाषणात चोवीस तास वीज देऊ म्हणाला की मी धंद्याच्या काळजीने टीव्ही बंद करायचो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मी आजपर्यंत कुठलीही वस्तू सांगितलेल्या किमतीला घेतलेली नाही. स्वतःच्या लग्नात हॉलवाल्याशी भांडून मी खुर्च्यांचं भाडं माफ करून घेतलं होतं, आणि हे बायको गेली पंचवीस वर्षं पाहुण्यांना सांगते आहे. घासाघिशीचा माझा एकच नियम होता: जे मिळालं ते तिथल्या तिथे लिहून घ्यायचं. तोंडी शब्दावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

गाझियाबादकडचा आमचा टॉवर अर्धा बांधून झाला तेव्हा मी फ्लॅट घ्यायला गेलो. बिल्डरचा मॅनेजर गोड बोलणारा होता. किमतीवर आमचं दोन तास चाललं. मग त्याने एक कागद पुढे केला. टॉवरला वीज कंपनीचं एकच मोठं कनेक्शन असेल, ते बिल्डरच्या नावावर. तो ती वीज घरोघर वाटणार, जनरेटरही त्याचाच. आम्ही स्वतंत्र कनेक्शन कधी मागणार नाही, असं आम्ही लिहून द्यायचं.

मला धंद्यातलं कळत होतं, म्हणून मी लगेच उठलो. तो घाबरला. शेवटी ठरलं की मी सही करायची आणि मला तीन किलोवॅटचा जनरेटर बॅकअप कायमचा फुकट. बाकी कोणालाच हे मिळणार नव्हतं. मी म्हटलं, असं नाही चालणार, लिहा. मजकूर मीच सांगितला, शब्द न् शब्द: या संमतीच्या बदल्यात अमुक सवलत. त्याला पुढे पलटी मारता येऊ नये म्हणून "बदल्यात" हा शब्द मी मुद्दाम घालायला लावला.

"सर," तो पेनाचं टोपण लावत म्हणाला, "आप जैसे दो कस्टमर और मिल जाएँ तो मैं नौकरी छोड़ दूँ."

मी खूश होऊन घरी आलो.

त्या बॅकअपवर बायकोचा धंदा उभा राहिला. ती चक्का टांगायची आणि श्रीखंड करायची, आणि दिल्लीतली मराठी घरं, नोएडापासून गुडगावपर्यंत, तिच्याकडून मागवायची. मागच्या खोलीत दोन मोठे डीप फ्रीझर होते. पाडव्याच्या आधी ते दोन्ही काठोकाठ भरलेले असत.

मग एका वर्षी बिल्डरने मेंटेनन्स वाढवला. आम्ही रहिवाशांनी वाढीव रक्कम द्यायला नकार दिला. त्याने भांडण केलं नाही, नोटीस दिली नाही. आमचे विजेचे मीटर प्रीपेड होते, पैसे आधी भरायचे. त्याने त्या मीटरमध्ये आम्ही विजेसाठी भरलेल्या पैशांतूनच मेंटेनन्स कापून घेतला. आम्ही दोघं त्या दिवशी पानिपतला एका कापड व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. त्या व्यापाऱ्याने प्रत्येक पाहुण्याला एकेक जाड ब्लँकेट दिलं होतं, ती काखोटीला मारून तिसऱ्या दिवशी परत आलो, तर जिन्यातच आंबूस वास आला. मीटरवर शून्य. माझ्या इन्व्हर्टरवर पंखे फिरले, पण फ्रीझर ओढण्याची त्याची ताकद नव्हती. पाडवा चार दिवसांवर होता.

मी खाली मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला.

"सर, सिस्टम ऑटोमैटिक है. बैलेंस ख़त्म, लाइट ख़त्म."

"और बैकअप? वो फ्री है. लिखा हुआ है!"

"बिल्कुल फ्री है सर. पर आता तो उसी मीटर से है ना."

वर आलो तेव्हा बायको पातेली उचलून चक्का मोरीत ओतत होती. गुलाबीसर पाणी सुटलेला, फेसाळ, किळसवाणा गोळा एकामागून एक जात होता. तिने शेवटचं पातेलं धुऊन पालथं घातलं आणि म्हणाली, "मला आपला स्वतःचा मीटर हवाय. कंपनीचा. बाकी मला काही माहीत नाही."

कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कॅन्टीनमध्ये आम्ही अधूनमधून रविवारी थालीपीठ खायला जायचो. तिथे वीज खात्यातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ भेटायचे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांना मी सगळं सांगितलं.

"अहो, मग वीज नियामक आयोग कशाला आहे?" काका म्हणाले. "दर ठरवायच्या आधी ते जनसुनावणी घेतात. आक्षेप लिहून द्या, तिथे उभे राहा. फक्त एकच गोष्ट मागा. आणि काय हो, बिल्डरला काही लिहून दिलंय का?"

"छे! तसं काही नाही."

"तसं म्हणजे कसं?"

"सगळे देतात तेच."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, थालीपिठावरचं उरलेलं लोणी बोटाने पुसून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

बायको माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा ग्लास उचलला.

सुनावणी एका थंडगार हॉलमध्ये होती. पुढे मंचावर आयोगाचे तीन सदस्य, त्यांच्यासमोर झेंडूची फुलं आणि पाण्याच्या बाटल्या. आधी वीज कंपनीच्या माणसाने पडद्यावर आलेख दाखवले. मग सुटाबुटातल्या दोन सल्लागारांपैकी एकाने कारखान्यांच्या वतीने सांगितलं की दर कमी करा, आणि दुसऱ्याने कंपनीच्या वतीने सांगितलं की दर वाढवा. दोघं शेजारी शेजारी बसून पेपरमिंट खात होते. मागे आमच्यासारखे लोक, हातात बिलं घेऊन. एक म्हातारी बाई तीन वर्षांपूर्वी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल सांगत होती, तेवढ्यात जेवणाची पाकिटं आली आणि मंचाच्या बाजूच्या दारातून पनीरचा वास यायला लागला. त्यानंतर तिचं कोणी ऐकलं नाही. आजही पनीरच्या वासाने मला तो हॉल आठवतो आणि जेवण नकोसं होतं.

माझी पाळी आली. मी चांगला बोललो. विजेच्या मीटरमधून मेंटेनन्स कापणं म्हणजे लोकांचा गळा आवळणं आहे, म्हटलं. मोरीत गेलेल्या चक्क्याचं सांगितलं. मागून टाळ्या पडल्या. प्रत्येक घराला स्वतंत्र कनेक्शन द्या, एवढी माझी मागणी होती. काकांचं मी तेवढं ऐकलं होतं.

मग बिल्डरचा वकील उठला. त्याच्या हातात एकच कागद होता. माझी वाक्यं त्याने शांतपणे वाचून दाखवली.

अध्यक्ष वयस्कर होते, आवाज मऊ. "ये दस्तख़त आपके हैं?"

"जी."

"और ये शर्त किसने लिखवाई?"

मी वळून पाहिलं. मॅनेजर पहिल्या रांगेत बसून आपल्या बुटांकडे पाहत होता.

"चलिए, सीधी बात करते हैं," अध्यक्ष म्हणाले. "ये फ्री बैकअप आप छोड़ दीजिए. फिर ये काग़ज़ बीच में नहीं आएगा, और आपकी बात हम आज ही सुन लेंगे. छोड़ते हैं?"

त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते मी विचार करून बोललो नव्हतो. तीस वर्षं जे बोलत आलो तेच निघालं.

"छोड़ूँगा तो बदले में क्या मिलेगा?"

हॉल हसला. ती ट्रान्सफॉर्मरवाली म्हातारीही हसली.

"मीटर," अध्यक्ष म्हणाले. "वही, जो आप माँगने आए हैं."

तरीही माझी जीभ थांबली नाही. "दोनों क्यों नहीं?"

"नेक्स्ट," अध्यक्ष म्हणाले.

पुढे आदेशाची प्रत आली. त्यात माझ्या वाट्याला एक ओळ होती: आक्षेप घेणारा सध्याच्या व्यवस्थेचा लाभार्थी आहे, सबब आक्षेप विचारात घेतलेला नाही. मी लाभार्थी! माझ्या घरातला चक्का मोरीत गेला होता आणि मी लाभार्थी. त्या सबब शब्दावर मी आठवडाभर चिडत होतो.

त्या दिवशी सुनावणीवरून परतताना, गाडी हिंडन नदीच्या पुलावर आली तेव्हा बायकोने विचारलं.

"एक विचारू? मीटर मिळत होता ना?"

"तसा मिळत होता."

"मग?"

"अगं, हातातलं असं सोडायचं असतं का? समोरचा पहिल्यांदा जे म्हणतो ते कधीच शेवटचं नसतं. थोडं ताणलं असतं तर..."

"ते भाजीवाले नव्हते हो," ती म्हणाली.

फ्लॅट दोघांच्या नावावर होता, हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या, की ही सवलत आम्हाला नको. खाली माझी सही मागितली. मी केली नाही. आरडाओरडा केला. ते तीन किलोवॅट मी स्वतः झगडून मिळवले होते, टॉवरमध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हते. तिने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी पुन्हा कागद पुढे ठेवला. तिसऱ्या दिवशी मी सही केली.

मॅनेजरने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. "भाभीजी, आप समझदार हैं." त्याच संध्याकाळी बॅकअप बंद झाला.

पुढच्या वर्षीच्या सुनावणीला ती उभी राहिली. मी मागच्या रांगेत होतो. तिचं हिंदी अजून पुण्याचं आहे. "मुझे और कुछ नहीं चाहिए. अपना मीटर चाहिए," एवढं बोलून ती बसली. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. पनीर यायच्या आत तिचं काम झालं होतं. काही महिन्यांनी आदेश आला की ज्या घराला हवं त्याला कंपनीने स्वतंत्र कनेक्शन द्यावं आणि बिल्डरने केबलला वाट द्यावी. बिल्डरने वाट द्यायला जमेल तितका उशीर केला. त्यासाठी मात्र माझा आवाज उपयोगी पडला. रोज सकाळी मी मॅनेजरसमोर जाऊन बसायचो.

एवढं होऊनही आमच्या मजल्यावर अर्ज केला तो फक्त आम्ही. ज्यांच्या घरचे दिवे माझ्यासारखेच गेले होते, त्यांना बिल्डरने मेंटेनन्समध्ये थोडी सूट दिली आणि सगळे गप्प झाले. मीटिंगमध्ये टेबल बडवणारी माणसं ही. मला त्यांची शिसारी येते. ती सूट त्यांनी लिहून घेतली होती की नाही, हे मात्र मी कोणाला विचारलं नाही.

मीटर लागला त्याच्या पाचव्या दिवशी, जूनच्या दुपारी एक वाजता, सगळ्या भागाची वीज गेली. खाली बिल्डरचा जनरेटर धडधडायला लागला. टॉवरभर एसी पुन्हा सुरू झाले. एक आमचं घर सोडून. समोरच्या दारातून शेजाऱ्याने डोकं बाहेर काढलं. त्याच्या मागून गार हवा आली.

"अंकल जी, आज़ादी मुबारक हो!"

मी काही बोललो असतो, पण आतून बायकोने हाक मारली. दोन्ही फ्रीझर ऑर्डरींनी भरले होते. तिने पानिपतची ती दोन ब्लँकेटं काढली होती आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही ती फ्रीझरभोवती घट्ट गुंडाळून सुतळीने बांधली. घाम डोळ्यांत उतरत होता. खिडकीतून जनरेटरचा काळा धूर आत येत होता. त्याची चिमणी त्यांनी नेमकी आमच्या बाजूला काढली आहे.

"मी खाली जाऊन येतो," मी म्हणालो. "मॅनेजरशी बोलतो. आजच्यापुरती एक लाइन. थोडं काहीतरी कबूल करू..."

"जाऊ नका."

"अगं, पण चक्का..."

"चक्का माझा आहे," ती म्हणाली. "झाकण उघडून बघू नका, एवढंच करा."

मी स्टूल ओढलं आणि फ्रीझरजवळ बसलो. झाकण उघडून बघायची इच्छा मला पाच मिनिटांनी एकदा होत होती. खिडकी लावली तर गुदमरायला व्हायचं, उघडली तर धूर. चार तास मी त्या बिल्डरला, त्या हॉलला, समोरच्या शेजाऱ्याला आणि मधूनमधून स्वतःला शिव्या देत होतो, सगळ्या मनातल्या मनात, कारण ती शेजारीच बसून वेलदोडे सोलत होती.

पाचनंतर वीज आली. तिने सुतळी सोडली, झाकण उचललं, बोटाने चक्का दाबून पाहिला आणि जिभेवर ठेवला. मग फोन घेऊन ऑर्डरींची यादी काढली आणि पहिल्या घराला सांगितलं, "हो, उद्या सकाळी पाठवते."

मी ब्लँकेटांची घडी घातली. त्यांना डिझेलचा वास लागला होता. तो धुऊनही गेला नाही.