खड्यावर बिअर

निलंग्याजवळच्या आमच्या शाळेत आम्ही नऊ शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून कोकणात जायचं ठरलं, तेव्हा एकाला न्यावं की नाही यावर थोडी कुजबुज झाली. तो माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवायचा. मूळचा मुखेडकडचा. माझा सगळ्यात जवळचा मित्र, पण बोलताना आम्ही एकमेकांना सरच म्हणायचो. एके काळी तो खूप प्यायचा. तीन वर्षांपासून थेंब घेतलेला नव्हता. आणि आमच्या सहलीत समुद्राकाठच्या एका कोळ्यांच्या गावातला बिअरचा कारखाना बघायचा होता.

निघताना त्याची बायको गाडीपर्यंत आली. मला म्हणाली, "तुम्ही संगं हायत म्हणून पाठवायले, भाऊजी." मी मान हलवली.

गाडीत तो खिडकीशी बसला होता, मी त्याच्या बाजूला. औसा मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, तिथं मी घेतो म्हणलो तर तुम्ही न्हाई म्हणा. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार न्हाई. तुम्ही म्हणलात की ऐकतो."

"म्हणतो की," मी म्हणालो.

एवढंच काम माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही त्या गावात पोचलो. रस्त्याच्या कडेला बांबूंवर मासळी वाळत घातली होती. आमच्यातले दोघे नाकाला रुमाल लावून चालले. कारखाना म्हणजे पूर्वीची बर्फाची फॅक्टरी. होड्यांना लागणारा बर्फ आता दुसरीकडून येतो, म्हणून ती रिकामी पडली होती. गावातलीच एक तरुण मुलगी आम्हाला सगळं दाखवत होती. तिने प्रत्येकाच्या हातावर मूठभर जव ठेवले. आमच्याकडे जव कोणी पेरत नाही, पूजेच्या सामानात पुडीतून येतात तेवढेच. मोठ्या पातेल्यात ते शिजत होते. साखर कारखान्याच्या मळीचा वास आम्हाला ओळखीचा, हा त्याहून गोड होता, भिजवलेल्या पेंडीसारखा. मित्र पातेल्यापाशी जरा जास्त वेळ थांबला. मी ते पाहिलं.

नंतर बाहेर बाकांवर बसवून तिने छोटे ग्लास मांडले. मित्राने आपला ग्लास बाजूला सरकवला. आमचे मुख्याध्यापक समोर बसले होते. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त पंगतीत कोणी उपाशी बसलेलं त्यांना चालत नाही.

"काय सर, ऑगस्टमधी लातूरला दोन दिवस ॲडमिट होतात ना? मुतखड्यासाठी?"

"होतो की."

"मंग? खड्यावर बिअरसारखं औषध न्हाई. माझ्या साडूचा वाटाण्याएवढा होता. चार बाटल्यांत खाली."

"बाटल्या का खडा?" कोणीतरी विचारलं. सगळे हसले.

आमच्या भागात हे सगळेच मानतात. कंबरेत कळ आली की माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी बिअरचं दुकान गाठतो. एरवी न पिणाऱ्यालाही घरचे या कारणासाठी आणून देतात. त्याला पिणं म्हणत नाहीत.

मित्राने त्या मुलीला विचारलं, "ताई, खरंच चालती का ही खड्यावर?"

"तसं काही नसतं काका," ती म्हणाली. "पाणी प्या भरपूर."

"तिला काय ठावं," मुख्याध्यापक म्हणाले. "तिचा काय खडा पडलाय का? घ्या हो. खडा पडंपर्यंत घ्या, पडला की थांबा."

पुन्हा हसणं झालं. मित्र मात्र हसला नाही. तो माझ्याकडे वळला.

"काय सर, घेऊ का?"

तो मला विचारत नव्हता. ठरल्याप्रमाणे मला फक्त नाही म्हणायचं होतं. ते मला त्या क्षणी पूर्ण आठवत होतं. आवाजाच्या भरात विसरलो, असं मी नंतर बरेचदा स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खोटं आहे. खरं असं, की तीन वर्षं मी त्याच्यासमोर कुठल्याच लग्नात, कुठल्याच पार्टीत घेतली नव्हती. त्याची राखण करायचा मला कंटाळा आला होता. माझा ग्लास समोर भरलेला होता आणि त्याने घेतल्याशिवाय मला तो उचलता येत नव्हता.

"औषध म्हणून घ्या," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग पाणी प्यावं तसा ग्लास एका दमात प्यायला. तोंड वाकडं केलं नाही. मी माझा ग्लास उचलला. समोर कोळणी जाळी साफ करत होत्या, त्यांच्याकडे बघत मी प्यायलो. मला काही वाटलं नाही. चवसुद्धा आठवत नाही. दुसरा ग्लास त्याने कोणाला न विचारता भरून घेतला.

परत येताना लातूरला चहाला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, "वास येतो का?" मी त्याला बडीशेप दिली. गावात उतरल्यावर तो सरळ घरात गेला. बायकोने मला विचारलं, "कसं झालं, भाऊजी?"

"छान झालं," मी म्हणालो.

पुढे पंधरा दिवसांनी एक बिअर, मग आठवड्याला एक. कंबरेवर हात ठेवून तो म्हणायचा, "खडा." डिसेंबरात सोनोग्राफी केली, त्यात खडा नव्हता. तो कधी पडून गेला कोणालाच कळलं नाही. तोवर मित्र देशीवर आला होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो पिऊन वर्गात आला आणि फळ्याला पाठ टेकून खाली बसला. पालक जमले. मुख्याध्यापकांनी जबाब लिहून घ्यायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला बसवलं आणि साक्षीदार म्हणूनही माझीच सही घ्यायची ठरली. मुख्याध्यापक सांगत होते, मी लिहीत होतो. कोकणाचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांना तो आठवत होता की नाही, मला सांगता येणार नाही.

"सदर शिक्षकास हे व्यसन पुन्हा कधी व कशामुळे जडले," एवढं वाक्य सांगून ते पालकांशी बोलायला बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता. आता बराच शुद्धीवर आला होता. माझा पेन त्या ओळीवर थांबला. मी मान वर केली नाही.

"माहीत न्हाई म्हणून लिहा, सर," तो म्हणाला. "उगं तुमचं नाव कशाला."

मी नाही म्हणू शकलो असतो. तिथेही तेवढंच म्हणायचं होतं.

मी लिहिलं, 'याबाबत माहिती नाही.' खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे फिरवला. त्याने न वाचता सही केली. मग मी माझ्या वर्गावर गेलो. हजेरी राहिली होती, ती घेतली. त्यानंतर शेजारच्या वर्गातली मुलंही माझ्या खोलीत आणून बसवली.