"तडी" कोण म्हणालं?

भुताखेताचं नाव निघालं की मला आधी हसू येतं. भजनी मंडळातल्या बायका अंगात आल्याच्या गोष्टी डोळे मोठे करून सांगतात, तेव्हा "चहा कधी येतोय गं?" असं विचारणारी मी. बासष्ट वर्षं अशीच काढली... त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. पण लिहिते.

अक्कलकोट रोडला आमचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पिकअप गाड्यांचं काम. आमच्या ह्यांनी ते उभं केलं. ह्यांच्या घरात कानडी. मी वेळापूरची, कानडीचा एक शब्द न येणारी आणि वर स्वतःला फार शहाणी समजणारी. लग्नानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी लगबगीनं बाहेर निघाले, तर हे मागून म्हणाले, "तडी!" कानडीत तडी म्हणजे थांब. मी ऐकलं — ताडी. सकाळी सात वाजता! गेले तशीच सासूबाईंकडे, पदर डोळ्याला लावून. "आत्या, तुमच्या लेकाला आत्तापास्नंच ताडी पायजे म्हनं!" सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. त्या एका शब्दावरून ह्यांनी मला जन्मभर छळलं. बावळटच होते, दुसरं काय.

हे जाऊन पाच वर्षं झाली. घरातलं कानडीही त्यांच्याबरोबरच गेलं. लेकीचं लग्न त्यानंतरचं. जावई टेंभुर्णीचे, हाडाचे मिस्त्री. गॅरेज आता तेच बघतात. सासऱ्यांना त्यांनी फक्त फोटोत पाहिलंय.

गेल्या चैत्रातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास मी डबा घेऊन गेले. एका पिकअपचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाची ऑइलची टाकी, उतरवायची होती. ती निघायला खालचा क्रॉस मेंबर काढावा लागतो... चॅसीचा आडवा लोखंडी पट्टा तो. इंजिनाचा भार त्याच्यावरच, म्हणून आधी इंजिन वरून साखळीला टांगायचं. तसं टांगलेलं होतं. जावई गाडीखाली उताणे, पाय तेवढे बाहेर. शेजारची दोन्ही शटरं बंद. मी स्टुलावर बसून डबा सोडत होते.

तीन बोल्ट निघाले. चौथ्याला पाना लावला, आणि जावई एकदम सरपटत बाहेर आले.

"मामी, ताडी कोन मागतंय?"

"काय?"

"आत्ता म्हनलं की कोनतरी! वरनं, बॉनेटकडनं. घसा बसलेला मानूस हाय. ताडी म्हनलं का तडी..."

"उन्हानं डोकं फिरलंय तुमचं. पाणी प्या आधी."

असं माझं तोंड म्हणालं. हातातलं भाकरीचं फडकं मात्र खाली पडलं होतं. शेवटचं वर्षभर ह्यांचा घसा बसलेला होता.

जावयांनी तांब्या तोंडाला लावला न लावला, तोच साखळीचा हुक निसटला. उरलेल्या एका बोल्टाला भार पेलवला नाही. पट्टा आणि इंजिनाचं पुढचं टोक धाडकन् खाली आलं — जिथं मघाशी त्यांची छाती होती तिथं. लेकीला तेव्हा सातवा महिना होता.

जावई म्हणतात, भास असेल. असेलही. पण कधी न ऐकलेल्या आवाजाचा, न येणाऱ्या भाषेत?

सगळे म्हणतात, सासऱ्यानं जावयाला वाचवलं. मी मान हलवते. एक गोष्ट मात्र लेकीलाही सांगितलेली नाही. दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी ह्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तडी." अर्थ तोवर मला चांगला ठाऊक होता. तरी जुनी थट्टा आठवून मी म्हणाले, "हितं ताडी न्हाय मिळत. चहा आणते," आणि हात सोडवून खाली गेले. टपरीवर गर्दी होती. वर आले, तर नर्सनं पडदा ओढलेला...

गॅरेजमध्ये त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. गाडीपासून मी चार हातांवर बसले होते. कान माझे शाबूत आहेत, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तरी मला काहीही ऐकू आलं नाही.

आताशा मी रोज दुपारी डबा घेऊन जाते. जावयांचं जेवण होतं, ते परत कामाला लागतात. मी बसून राहते.