नट ठोकताना बोलायचं नाही
काकूंनी ते भांडण शेडच्या दाराआडून, हातात चहाचा ट्रे धरून ऐकलं होतं.

"नट ठोकले म्हणून तूच सांगितलंस!" दातांचे डॉक्टर काकांवर खेकसत होते.

"मी कुठे सांगितलं? तू विचारलंस, मी मान हलवली."

"मग?"

"अरे, नाकावर माशी बसली होती!"

त्या माशीपायी शर्यतीच्या सरावात चाक निखळून गाडीच्या पुढे पळालं होतं. गाडी गवतात जाऊन बसली. नशीब बलवत्तर, म्हणून डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नाही. इंग्रजांची ती जुनी, ठेंगणी, बिनछपराची गाडी दोघा मित्रांनी भंगारातून उचलून हौसेनं उभी केली होती. तिच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट, तोही हातोड्यानं ठोकून आवळायचा. तेव्हापासून नियम झाला. ठोकायचं ते काकांनीच. ठोकताना त्यांच्याशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही. आणि ते "चारही!" म्हणेपर्यंत गाडी चालू करायची नाही.

काकांची बेकरी होती. कणीक मळतानाही तोंडात गाडीच. काकू म्हणायच्या, सवत आणली असती तरी परवडली असती, ती निदान तेल गाळत बसली नसती!

पुढे डॉक्टरांचे गुडघे गेले आणि शर्यतीला त्यांच्याऐवजी काका-काकूंची लेक बसू लागली. यंदा मात्र काका विसरू लागले. एक आख्खी भट्टी बिनमिठाची निघाली. काका हसले, काकूंनी मात्र लेकीला बाजूला घेतलं.

"बाबांना यंदा ठोकू देऊ नकोस गं."

"तू सांग ना त्यांना," लेक म्हणाली.

"मी? माझी जीभ रेटायची नाही."

"मग माझी कशी रेटेल?"

शर्यतीच्या दिवशी लेक गाडीत बसली. काकांनी पहिलं चाक ठोकलं, दुसरं ठोकलं. तिसऱ्याशी हातोडा वर गेला आणि तसाच राहिला. काकूंना राहवलं नाही.

"अहो, तिसरं!"

जीभ चावली, पण शब्द सुटला होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. काका रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "तिसरं का? मला वाटलं, आता सुरुवात करायचीय."

हातोडा खाली घेतला. मग म्हणाले, "ये इकडे. मी पहिल्यापासून ठोकतो, तू मोठ्यानं मोज."

काकूंनी मोजलं. एकही आकडा चुकला नाही. गाडी सुटली तशी त्यांनी डोळे मिटले, ते डॉक्टरांनी खांदा हलवेपर्यंत. "वहिनी, उघडा डोळे! पोरगी आली, शेवटून दुसरी!"

दुसऱ्या दिवशी काका रोजच्यासारखे सायकलवरून पाव टाकायला निघाले. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी पाव ठेवला आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेला हातोडा.

"हे काय रे?"

"यापुढे तू ठोक."

डॉक्टरांनी फडकं उलगडलं.

"गरम आहे तोवर खा," काका म्हणाले, आणि सायकल पुढच्या घराकडे वळवली.