शेवटच्या फुलोऱ्याचा गोरगा

थंडी पडली की माझ्या जिभेच्या मागच्या बाजूला कडू चव येते. काही खाल्लेलं नसतं, तरी येते. इथे गडचिरोलीत शेजारच्या बायांना सांगावं असं खूपदा वाटलं, पण मला चारचौघींत बोलणं जमत नाही, आणि बाईमाणसानं सांगावी अशी ही गोष्टही नाही. मी चौथीपर्यंत शिकले. जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिते.

मला गोरगा आवडायचा. आवडायचा म्हणणं कमी आहे. हिवाळा यायची मी वाट पाहायची ती फक्त त्याच्यासाठी.

तेव्हा आम्ही हेमलकशाच्या पुढे जंगलातल्या एका गावात राहत होतो. नवरा तिथल्या आश्रमशाळेत स्वयंपाकी होता, पोरगी लहान होती. मी मासे धरणाऱ्या घरातली, वैनगंगेच्या काठची. त्या जंगलात मला ना त्यांची माडिया भाषा यायची, ना माझी मराठी कोणाला नीट कळायची. त्यामुळे मला बरंच होतं. कोणी बोलायचा आग्रह करत नव्हतं.

आमच्या शेजारी माडिया म्हातारा-म्हातारी राहत. त्यांच्या आवारात गोरग्याचं एक झाड होतं. ताडासारखं उंच, पानं माशाच्या शेपटीसारखी. त्याला घोड्याच्या शेपटीएवढे लांब फुलोरे यायचे. म्हातारा सकाळ-संध्याकाळ बांबूवरून चढून फुलोऱ्याच्या देठाच्या टोकाची चकती कापायचा आणि खाली मडकं बांधायचा. त्या देठातून रस गळतो. रसालाही गोरगाच म्हणतात. जिल्ह्यात दारूबंदी झाली होती, पण त्या आवारात गोरग्याला कोणी दारू समजत नसे.

पहिल्यांदा म्हातारीनं कुंपणावरून पानाचा दोना पुढे केला. नाही म्हणायचीही मला लाज वाटली, म्हणून घेतला. पाठ फिरवून प्यायले. आधी गोड लागलं. मग जिभेवर चुरचुर, बारीक बारीक बुडबुडे फुटल्यासारखी. आणि घोट गिळून झाल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, मागून कडू आलं. कडुनिंबासारखं तोंड वाकडं करणारं नाही. त्या कडूला वास होता, ओल्या पाल्याचा, थोडा संत्र्याच्या सालीचा. ते कडू गेलं की पुन्हा गोड हवंसं वाटे, म्हणून दुसरा घोट.

पुढे मला त्यातलं कळायला लागलं. आभाळ आलेल्या दिवशीचा पातळ लागायचा. चांगली थंडी पडली की दाट, आणि सकाळी उन्हं झाडाच्या निम्म्यावर आली की सगळ्यात बरा. दुपारचा आंबट व्हायचा, डोक्यात जायचा, तो पुरुष प्यायचे. मला एकच दोना पुरे होता. पण तो एक हवाच होता.

गावात गोरग्याची झाडं आणखी होती. त्यांचा रस गोडच असायचा, साखरेच्या पाण्यासारखा. कडू फक्त या म्हाताऱ्याचा. मडकं बांधायच्या आधी तो कमरेच्या फडक्यातून अंगठ्याएवढा सालीचा तुकडा काढून आत टाकायचा, हे मी पाहिलं होतं. कुठल्या झाडाची ते तो कोणालाच सांगत नसे. एका सकाळी झाडाखाली सगळे दोने घेऊन बसले होते, तेव्हा मी म्हातारीच्या कानात कुजबुजले आणि तिनं ते मोठ्यानं विचारलं. म्हातारा हसला. त्याला बऱ्यापैकी मराठी यायची.

"आता सांगतलं तं तुमी घरीच दुकान लावान, बाई. झाड संपू द्या. मंग सांगतो."

सगळे हसले. मी पदरानं तोंड झाकलं.

झाड संपू द्या म्हणाला ते उगाच नव्हे. गोरग्याला पहिला फुलोरा शेंड्याशी येतो, मग दरवेळी त्याच्या खाली, आणखी खाली. सगळ्यात खालचा फुलोरा आला की झाडाचं आयुष्य संपलं. त्याचा रस थांबला की झाड वाळतं. आणि त्या हिवाळ्यात शेवटचा फुलोरा आला होता. घराच्या वळचणीपेक्षा थोडाच उंच. म्हातारीनं बोट करून दाखवला. मी रोज त्याच्याकडे पाहायची. देठ केवढा लांब आहे, अजून किती दिवस पुरेल, याचाच विचार.

धान कापून झालं त्या सुमाराला म्हाताऱ्याला ताप आला. हिवताप डोक्यात चढला. खाटेवर घालून त्याला हेमलकशाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी त्याला वाचवलं, नाहीतर तो गेलाच होता. पण परत आला तो वाचा गेलेला. डावा हात लुळा. माणूस ओळखायचा, बोललेलं कळायचं की नाही कोणास ठाऊक. कधी मान हलवायचा, कधी नुसता बघत राहायचा.

देठ रोज कापावा लागतो, नाहीतर रस बंद होतो. म्हणून त्यांचा जावई येऊन राहिला. तो आलापल्लीच्या लाकूड डेपोत काम केलेला, हिंदी मिसळून बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं मडकं उतरवलं, मला दोना दिला. मी प्यायले.

गोड. नुसतं गोड. मी थांबून राहिले, मागून येईल म्हणून. काही आलं नाही.

मी म्हातारीला विचारलं, "साल कोणती होती वं बाई?"

"मले काय मालूम? मले बी नाई सांगत तो. जंगलात जाये, घेऊन येये."

त्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी सांगू शकले नाही. एका पेयासाठी रडते म्हणावं, तर काय म्हणेल तो! पण मला ठाऊक होतं की हा देठ संपला की हे झाड संपलं, आणि ती चव तेवढ्यात सापडली नाही तर ती या जगात कुठेच उरणार नाही.

मी जंगलात जायला लागले. सरपणाचं निमित्त. दिसेल त्या झाडाची साल विळ्यानं काढायची, चावून पाहायची. काही साली कुटून पाण्यात टाकल्या की मासे उताणे होतात, त्या मला माहेरी लहानपणापासून माहीत होत्या. तेवढ्या टाळायची. बाकी सगळ्या चावल्या. तुरट निघाल्या, जीभ जाड करणाऱ्या निघाल्या, नुसत्या लाकडासारख्या निघाल्या. जी थोडी कडू निघे ती माझ्या वाट्याच्या दोन्यात टाकून दुपारपर्यंत ठेवायची आणि म्हाताऱ्याकडे घेऊन जायची. तो अंगणात उन्हात खाटेवर असायचा. मी दोना त्याच्या ओठाला लावायची. तो घोट घ्यायचा आणि तोंड फिरवायचा.

रोज तोंड फिरवायचा. कधी थुंकायचा. मी दोना घेऊन घरी यायची, दुसऱ्या दिवशी दुसरी साल.

जावई पाहायचा. "बाई, गोड हाय ना? चुपचाप पी ना. काऊन झाडाची साल खाऊन राह्यली बकरीसारखी?"

बाकीचे हसायचे. मी मान खाली घालून बसायची, पण उठून जायची नाही. पूर्वी मी लगेच उठून गेले असते.

एकदा एका सालीनं मला ओकारी सुरू झाली ती रात्रीपर्यंत थांबेना. नवरा घाबरला. सांगावंच लागलं.

"मरून जाशील ना तू!" तो ओरडला. "पोरीले कोण पाहीन? एवढं काय हाये त्याच्यात?"

"कडू हाये," मी म्हणाले.

"तं कारलं खा ना!"

त्याचं चूक नव्हतं. पण मी दोन दिवसांनी पुन्हा गेले. देठ तोपर्यंत हातभर उरला होता. मडक्यात पूर्वी सगळ्यांना पुरून उरायचं, आता दोन-तीन दोने निघत. जावयाला गावी जायची घाई होती. तो जाड चकत्या कापायला लागला होता. मला खालून दिसायचं, प्रत्येक चकतीबरोबर माझा जीव कमी होत होता. पण त्याला सांगायचं धाडस होईना.

साल सापडली ती शोधताना नाही. घरात कालवणाला काही नव्हतं म्हणून मी जाळं घेऊन नाल्यात उतरले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सहज वर पाहिलं, तर काठावरून पाण्यावर वाकलेलं एक झाड. त्याच्या पाण्याकडच्या अंगाला साल काढल्याचे अंगठ्याएवढे डाग. खालचे भरून आलेले, जुने. वर वर जावं तसे ताजे. म्हाताऱ्याचा हात जिथवर पोचेल तिथवर. पायवाटेवरून मी त्या झाडाजवळून रोज गेले होते, पण रोजचं म्हणून त्याला विळा लावला नव्हता. त्या बाजूनं काहीच दिसत नव्हतं.

जाळं तिथेच पडलं. मी तुकडा काढून चावला. नुसती साल तशी लागत नव्हती, फार कडू होती, पण वास तोच. ओल्या पाल्याचा आणि संत्र्याचा.

पळत आले तेव्हा जावई संध्याकाळची चकती कापून मडकं बांधत होता. मी खाली उभी राहून ओरडले. मी परक्या पुरुषाशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"भाऊ, मडकं खाली करा! हे आत टाका!"

तो वरून पाहत राहिला. माझं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं.

"आता काय आणलं, बाई? मटक्यात कुछ बचा नाई. आजच्यानं खतम हाये."

"टाका ना जी. पाया पडतो तुमच्या."

खाली वाकून त्यानं माझ्या हातातला तुकडा घेतला आणि मडक्यात टाकला.

सकाळी मी झाडाखाली सगळ्यांच्या आधी होते. जावयानं मडकं उतरवून माझ्यासमोर तिरपं केलं. आत मुंग्या होत्या आणि तळाशी दोन घोट. वर देठाचं टोक कोरडं पडलेलं, तपकिरी. त्यानं नखानं खरवडून पाहिलं आणि मान हलवली.

दोन घोट मी दोन्यात ओतले, मुंग्या काढल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर सांडावे लागतात. ते थेंब सांडताना माझा हात आखडला, पण सांडले. मग म्हाताऱ्याकडे गेले. मला वाटलं, तो एक घोट घेईल, मला कळेल, दुसरा माझा.

त्यानं पहिला घोट घेतला. तोंड फिरवलं नाही. घोट तोंडातच धरला, डोळे मिटले. मग गिळला. आणि उजव्या हातानं माझं मनगट धरून दोना पुन्हा ओठाला लावला, आणि उरलेलं सगळं प्यायला.

मी दोना मागे ओढू शकले असते. नाही ओढला.

तो माझ्याकडे पाहत होता. घशातून आवाज काढत होता, काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. झाड संपलं, आता सांगतो, असं म्हणत असेल. मी रिकामा दोना घेऊन कुंपणामागे गेले आणि पान चोखलं. पानाचीच चव जास्त आली. मागून ते कडू आलं का? आलं असं मला वाटलं. अजून नक्की सांगता येत नाही.

पावसाळ्याआधी ते झाड शेंड्यापासून वाळलं. म्हाताराही त्याच वर्षी गेला. आमची बदली गडचिरोलीला झाली, पोरीच्या शाळेसाठी नवऱ्यानंच मागून घेतली. इथे गोरगा नाही. तिकडून बसनं मागवला तर पोचेपर्यंत आंबून जाईल, आणि बंदीच्या गावात बाटली घेऊन कोण बसेल माझ्यासाठी?

साल आहे. निघताना मी पिशवीभर काढून आणली, डाळीच्या डब्याशेजारी ठेवली आहे. त्या झाडाचं नाव मला माडियात माहीत झालं, पण इथे लिहीत नाही. ते म्हाताऱ्याचं होतं. साखरेच्या पाण्यात टाकून पाहिली, शिंदीच्या रसात पाहिली, उसाच्या रसात पाहिली. नुसतं कडू होतं. मागून येत नाही, पुढूनच येतं.

आज सकाळी थंडी होती. उन्हं समोरच्या घराच्या निम्म्यावर आली तेव्हा मी एक तुकडा काढून तोंडात धरला आणि दारात उभी राहिले. नवरा म्हणाला, "पुन्हा का?" मी मान हलवली. तुकडा मऊ होईपर्यंत धरून ठेवला, गिळला नाही.