डॅनिश घाई, स्वीडिश बैठका

रक्तातली साखर मोजणाऱ्या एका यंत्राच्या चाचण्यांचे विश्लेषण पुण्यात, खराडीतल्या आमच्या कार्यालयात होते. चाचण्या दोन ठिकाणी घेतल्या जातात: एक प्रयोगशाळा डेन्मार्कमध्ये, दुसरी समोरच्या किनाऱ्यावर, स्वीडनमध्ये. मधल्या समुद्रावर केव्हाच पूल झाला. सोमवारच्या व्हिडिओ बैठकीची पहिली काही मिनिटे मात्र एकमेकांच्या थट्टेसाठी राखीव असतात.

डॅनिश प्रमुख म्हणायचे, "स्वीडनमध्ये कॉफी प्यायची की नाही, यावरही तीन बैठका होतात."

स्वीडिश प्रमुख बाई शांतपणे उत्तर द्यायच्या, "आणि डेन्मार्कमध्ये आधी सही करतात, मग वाचतात. वाचलंच तर."

आमच्या बाजूने मोठ्याने हसायचा तो माझ्या शेजारी बसणारा सहकारी, पुण्यातल्या जुन्या पेठेतला. मी हसत नसे. विनोद कळत, हसण्याजोगे त्यात काही सापडत नसे.

गेल्या वर्षी दोन्हीकडचे आकडे जुळेनात. डॅनिश म्हणाले, स्वीडिश लोक नियम कुरवाळत बसतात, तोवर नमुना शिळा होतो. स्वीडिश म्हणाले, डॅनिश लोक घाई करतात. त्याच सुमारास आमच्या विश्लेषण गटाचे प्रमुखपद रिकामे झाले. ते मला हवे होते. अमरावती सोडून वारज्यात भाड्याच्या खोलीत राहिले, ते दुसऱ्यांचे तक्ते सजवण्यासाठी नव्हे.

म्हणून मी 'राष्ट्रस्वभाव' हेच गृहीतक तपासायला घेतले. तंत्रज्ञ, लागलेला वेळ, नमुन्याचे वय, एकेक घटक वगळत गेले. उरल्या त्या यंत्रात घालायच्या चाचणीपट्ट्या: दोन्ही देशांना वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपांच्या, गेल्या होत्या. लॉटची अदलाबदल करून चाचण्या पुन्हा घ्यायला लावल्या, तेव्हा आकड्यांचीही अदलाबदल झाली.

सोमवारी हे सारे मांडून मी म्हणाले, "दोन्हीकडच्या लोकांच्या स्वभावाचा परिणाम शून्य आहे."

डॅनिश प्रमुख म्हणाले, "हे भारतीय! आकडे दिसले की यांना माणसं दिसत नाहीत."

स्वीडिश बाई खळखळून हसल्या. त्या दोघांना एकाच विनोदावर हसताना मी प्रथमच पाहिले.

प्रमुखपद माझ्या सहकाऱ्याला मिळाले. परदेशी मंडळींशी त्याचा सूर जुळतो, असे मला सांगण्यात आले. दुपारी कॅन्टीनमध्ये तो समोर येऊन बसला.

"मनाला लावून घेऊ नकोस. काम तुझं उत्तमच आहे. तुम्हा वऱ्हाडी लोकांना थट्टा झेपत नाही, एवढंच."

"हा निष्कर्ष किती जणांवरून काढलास?"

"तू एकटी पुरेशी आहेस की," तो म्हणाला आणि ताकाचा ग्लास जवळ ओढला.

आता दोन्हीकडे एकाच लॉटच्या पट्ट्या जातात, आकडे जुळतात. माझा तक्ता नवा प्रमुख पडद्यावर लावतो. त्याआधीची मिनिटे थट्टेचीच असतात. डॅनिश घाई आणि स्वीडिश बैठका यांच्या जोडीला आता भारतीय आकडेही आले आहेत. आमच्या बाजूने अजूनही तोच हसतो.