बाहेर येणाऱ्याला विचारणारी मामी

मामी दवाखान्यात शिरली की आधी नंबर लावत नसे. डॉक्टरांच्या दाराजवळची खुर्ची धरायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "काय म्हणे डॉक्टर?" माणूस ओळखीचा असलाच पाहिजे अशी तिची अट नव्हती. लोक आधी दचकत, मग शेजारी बसून सगळं सांगत. सांगता आलं तर डॉक्टर पास. "काय माहीत बाप्पा, गोळ्या देल्या" असं उत्तर आलं की मामी चपला शोधायला लागायची. "ज्याले बाहेर येऊन सांगता येत नाही, त्याले आत कोणी सांगतलंच नाही," हा तिचा नियम. मामा तिला इन्स्पेक्टरीण म्हणत. तिला ते आवडायचं.

मी कॉलेजसाठी यवतमाळला मामांकडे राहत होते. आमचं घर राळेगावच्या बाजूला, शेती कापसाची आणि सोयाबीनची. शाळेपासून मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. एसटीत कंडक्टरला थांबा विचारायला नको म्हणून मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलेली आहे. मामीला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली.

दुसऱ्या वर्षाला मला झोप यायला लागली. वर्गात, जेवताना, वेणी घालताना. केस गळायचे, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, आवाज जड झाला होता. घरच्यांना वाटलं, पोरीला शहर मानवत नाही. रक्त तपासलं तेव्हा थायरॉईड निघालं. गोळी सुरू झाली, पण मी होते तशीच. मग बाबांचा फोन आला की या वर्षी परीक्षा जमली नाही तर गावी परत ये, शिक्षण राहू दे. मला खूप काही म्हणायचं होतं. मी "बरं" म्हटलं. मामीने फोन माझ्या हातातून घेतला.

"भाऊजी, पोट्टी आळशी नाही," ती म्हणाली. "तिचा डॉक्टर आळशी आहे. मले उन्हाळ्यापर्यंत वेळ द्या."

आणि आमची मोहीम निघाली. मामेभावाने मोबाईलवर डॉक्टरांना मिळालेले तारे दाखवले. मामी म्हणाली, "तारे पाहाचे तर गच्चीवर जाय." पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर वर केली नाही. बाहेर आल्यावर मामी म्हणाली, "ह्यानं तर तुह्या कागदासंगं लगनच लावलं." दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात बाहेर येणारे सगळेच "काय माहीत बाप्पा" निघाले आणि आम्ही नंबर यायच्या आत पायऱ्या उतरलो. मी लाजेने खाली पाहत होते. मामी कंपाउंडरला हसून "येतो हो भाऊ" म्हणत होती, जणू लग्नाचं जेवण आटोपून निघालो होतो.

तिसरे डॉक्टर मात्र तिला आवडले. फार गोड बोलायचे. थंडीचे दिवस होते, घाटंजीहून मामीच्या भावाने तुरीच्या शेंगा पाठवल्या होत्या. त्यातली पिशवीभर तिने डॉक्टरांना नेऊन दिली. मग शेंगा मीठ घालून उकडाव्या की सोलून आमटी करावी यावर दोघांची चर्चा रंगली. मी मधे बसून होते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रिकाम्या पोटी घेते ना?" मामी आणि मी एकदम "हो" म्हणालो. त्यांनी गोळीची ताकद वाढवली. पुढच्या वेळी पुन्हा वाढवली. माझी झोप काही हलली नाही.

त्या "हो"बद्दल सांगायला हवं. माझी गोळी मामीच्या ताब्यात होती. पहाटे उठून ती दुधाचा, आलं घातलेला चहा करायची. एका बशीत माझी गोळी, दुसऱ्या हातात कप. मी अंथरुणात बसूनच दोन्ही घ्यायचे. "गोळी कोरडी नाही घ्यावं, पोटात विस्तव पडते," ती म्हणायची. एकदा मामा म्हणाले, "अगं, तिला रिकाम्या पोटी सांगितलंय ना?"

"मंग? रिकामंच आहे ना पोट," मामी म्हणाली. "उपासाले चहा चालते का नाही? चतुर्थीले तुम्हीच चार कप पेता. तवा उपास मोडते काय?"

मामांनी वर्तमानपत्र वर केलं. आमच्या घरात एवढ्यावर वाद संपायचे. मलाही ते पटलं होतं. चहा म्हणजे खाणं असं आमच्याकडे कोणाच्याच डोक्यात कधी आलेलं नव्हतं.

परीक्षेला दोन-तीन महिने उरले तेव्हा मामीला चौथ्या डॉक्टरांचा पत्ता लागला. बाई होत्या, दवाखाना लहान. मामीने दाराजवळची खुर्ची धरली. बाहेर येणारा प्रत्येक जण जरा वैतागलेला दिसत होता. एक आजी तर पुटपुटतच आल्या.

"काय म्हणे डॉक्टरीण?"

"काय म्हणन! रागावली मले," आजी म्हणाल्या. "म्हणे, बरं वाटलं म्हणून गोळी बंद काहून केली? ही गोळी ताप उतरवाची नाही. गळ्यातली गाठ कमी काम करते, तिचं काम ही गोळी करते. गोळी सोडली तं काम कोण करन?"

मामीने मला कोपराने ढोसलं. "अख्खं पाठ आहे हिले. जाय, नंबर लाव."

आत गेल्यावर मामीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "काय आहे मॅडम, पोरगी लय झोपून राह्यली..."

"तुम्ही कोण?"

"मामी आहो मी तिची."

"मग मामी, पाच मिनिटं काही बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "तू सांग. काय होतं?"

मला सगळे शब्द इंग्रजीतच आठवत होते. मामी खालून माझ्या पायावर पाय देत होती. "थकवा येतो," मी म्हणाले. मग केसांचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्या गळ्यावर बोटं ठेवून मला घोट गिळायला लावला. तोवर कोणीही माझ्या गळ्याला हात लावलेला नव्हता. मग त्यांनी गोळी रिकाम्या पोटी घेते का, असं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "सकाळी डोळे उघडल्यापासून काय काय करतेस, ते क्रमाने सांग."

"उठते. मग मामी चहा आणते. चहासोबत गोळी घेते."

डॉक्टरांनी हळूच मामीकडे पाहिलं. मामीने छाती पुढे काढून सांगितलं, "मी सोता देतो. एक दिवस नाही चुकवला."

पुढची काही मिनिटं मामीला जे ऐकावं लागलं ते तिला बहुधा तिच्या सासूनेही ऐकवलं नसेल. दुधाचा चहा गोळीला अंगी लागू देत नाही. उपासाला चहा चालतो, या गोळीला नाही. गोळी नुसत्या पाण्याशी घ्यायची, आणि तासभर चहाचं नावसुद्धा नाही. इतके महिने डॉक्टर गोळी वाढवत होते आणि तुम्ही ती चहात बुडवत होता. आता ताकद वाढवणार नाही, उलट पुढे कमीही करावी लागेल. दीड महिन्याने रक्त तपासून या.

मी मान खाली घातली होती. मला वाटलं, बाहेर पडल्यावर मामी रडेल, नाहीतर चपला शोधेल. ती बाहेर आली, दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड पुसलं. शेजारच्या एका बाईने तिलाच विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

मामीने तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. चहा, उपास, दीड महिना, एक शब्द गाळला नाही. मग माझ्याकडे वळून खुशीत म्हणाली, "सापडला वो डॉक्टर! बाकीचे मह्या शेंगा खाऊन राह्यले होते. हिनं मलेच रागावलं."

दुसऱ्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. मला गोळी आणि पाणी. माझा तास पूर्ण होईपर्यंत चहा कोणालाच नाही, म्हणजे मामांनाही नाही. "पोट्टीले वास येते," मामी म्हणायची. मामा फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे पाहत आणि मधूनमधून मला घड्याळ विचारत. दीड महिन्याने रिपोर्ट सुधारला. उन्हाळ्यापर्यंत मी दुपारी जागी राहू लागले. परीक्षा झाली, पास झाले. बाबांचा फोन आला तेव्हा मामीने तो घेतला नाही. मला खूण केली, "तूच सांग."

मी सांगितलं. पुढे शिकायचंय, तेही सांगितलं.

आता मी नोकरीसाठी पुण्यात असते. निघताना मामीने एका डब्यात तिळाचे लाडू दिले आणि वर बजावलं, "गोळी झाल्यावर तासानं." मध्ये कामाच्या नादात माझं रक्त तपासणं वर्षभर राहून गेलं आणि इथला डॉक्टर शोधायची वेळ आली. ऑफिसातल्या मैत्रिणींनी मोबाईलवरचे तारे पाठवले. मी एका दवाखान्यात गेले आणि नंबर न लावता दाराजवळच्या खुर्चीवर बसले. दोन माणसं बाहेर येऊन गेली, मला तोंड उघडता आलं नाही. तिसऱ्या बाई आल्या, हातात पिशवी होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काय म्हणाले डॉक्टर?"

त्या दचकल्या. मग शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं.

संध्याकाळी मामीला फोन केला. ती ऐकत होती, मधेच ओरडली, "अहो, ऐकलं काय, पोट्टीनं अनोळखी बाईले इचारलं!" मागून मामांचा आवाज आला, "आता तरी चहा देशील काय?"

"थांबा हो," मामी म्हणाली, आणि मग मला, आवाज खाली आणून, "डॉक्टर रागावला काय तुले?"

"हो. वर्षभर रक्त का तपासलं नाही म्हणून."

"बरं झालं," मामी म्हणाली. "सापडला मंग."